पणजीने पुढे केलेलं घड्याळ

पहिल्याच भेटीत त्याने माझ्या पणजोबांना खोटं पाडलं, आणि तेही हसत हसत!

वेधशाळेच्या दफ्तरखान्यात मी जुन्या नोंदवह्या सांभाळते. शंभर वर्षांपूर्वी दुर्बिणीतून पाहून लिहिलेल्या अंधुक दीर्घिका खरंच आकाशात आहेत का, हे तो नव्या फोटोंवर तपासत होता. सापडली नाही, की नोंद रद्द.

"एकशे बारावी... 'फार अंधुक, गोल, जेमतेम दिसते.' इथे तर काहीच नाही. म्हातारबुवांना भिंगावरचा डाग दिसला असणार!"

"ते म्हातारबुवा माझे पणजोबा."

त्याचा चेहरा असा पडला, की रागातही मला हसू आलं. तरी मी ठणकावलं, "जन्मभरात त्यांनी ही एकच दीर्घिका शोधली. खोडायची नाही."

"शुक्रवारी यादी द्यायचीय. तोवर पुरावा आणा."

मी त्याचं नाव 'खोडरबर' ठेवलं. खोडरबर रोज दुपारी यायचा, कानावर पेन्सिल खोचून, आणि दफ्तरखाना बंद व्हायच्या ठोक्याला, पाचला उठायचा. बुधवारी खिडकीवर पाऊस भुरभुरत होता. तो मला फोटो दाखवत म्हणाला, "अंधुक गोष्टीकडे थेट बघायचं नाही. जरा बाजूला बघायचं – मग दिसते."

"म्हणून माझ्याशी बोलताना तुम्ही खिडकीकडे बघता?"

त्याचे कान लाल झाले. माझेही झाले असावेत, पण ते मला दिसत नव्हते.

शुक्रवारी चार वाजता पणजोबांची त्या रात्रीची वही हाती लागली. समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं – 'वेधशाळेचं घड्याळ बंद पडलं. घरचं आणलं.'

मी इतक्या जोरात हसले, की तो दचकलाच.

"अहो, आमचं घरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं! पणजोबा सगळीकडे उशिरा पोचायचे, म्हणून पणजीने गुपचूप पुढे केलं. अख्ख्या घराला ठाऊक, त्यांनाच पत्ता नव्हता. आजही ते तसंच आहे."

"आणि ते तर घड्याळ बघूनच दीर्घिकेची जागा लिहायचे..." त्याने घाईने फोटो पश्चिमेकडे सरकवला. दहा मिनिटांइतका.

तिथे ती होती. गोल, अंधुक, जेमतेम. माझे डोळे भरून आले. 'रद्द'वर काट मारून त्याने 'सापडली' लिहिलं, आणि शेजारी पणजोबांचं पूर्ण नाव.

मग भिंतीवर पाच वाजले. यादी संपली होती, आता त्याला इथे यायचं काही कारण उरलं नव्हतं.

दफ्तरखान्यात मोबाईल आणायला बंदी, म्हणून दारातल्या खणात ठेवलेला मोबाईल घेऊन तो थबकला.

"एक विचारू? हे भिंतीवरचं घड्याळ... दहा मिनिटं मागे आहे."

मेले! "मंगळवारी... मीच केलं," मी पुटपुटले. "तुम्ही ठोक्याला उठून जाता. मला ते आवडत नाही. तुम्ही... आवडता."

"मला मंगळवारपासूनच ठाऊक आहे. मोबाईल घेताना रोज कळायचं." या वेळी तो खिडकीकडे बघत नव्हता. "तरी रोज याच घड्याळाने उठलो."

मी उगाच वह्या आवरू लागले, तेव्हा तोच म्हणाला, "उद्या भेटशील? चार वाजता?"

"कुठल्या घड्याळाने?"

"पणजीच्या," तो म्हणाला. "दहा मिनिटं आधी येशील."