घ्यायला येणारं माणूस

"मावशी, घाई नाही. विचार करून सांगा. तुम्हाला घ्यायला येणारं कोणी आहे का?"

"हाय ना! लेक हाय माही, वनिता. येईन थे, न् नेईन मले."

तेजलच्या कॉलरवरच्या डबीतला दिवा हिरवा झाला. हिरवा दिवा म्हणजे शेवंताबाई उईके मनापासून बोलत होत्या. सरकारी खोली फक्त कोणीच नसलेल्या बेघरांना मिळे; मनापासून बोलल्या म्हणूनच त्यांची खोली गेली.

नागपूरच्या त्या उड्डाणपुलाखाली एप्रिलमधल्या सकाळी नऊ वाजताच डांबर मऊ पडायला लागलं होतं. तेजल वानखडे समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला होती. बेघरांसाठीच्या धोरणांचा अभ्यास करणाऱ्या 'ओसरी' या गटात ती तीन महिन्यांच्या इंटर्नशिपला आली होती. पुलाखालच्या माणसांच्या खोलीसाठीच्या मुलाखती घ्यायच्या आणि शेवटी सरकारी समितीसाठी एक टिपण लिहायचं, एवढंच तिचं काम होतं.

डबीचं नाव स्वरपारख. बोलताना आवाजात कानाला न जाणवणारा एक कंप असतो. तो मोजून, माणसाचा स्वतःच्या शब्दांवर विश्वास आहे की नाही, हे ती सांगायची. असेल तर दिवा हिरवा, नसेल तर लाल. दोन वर्षांपूर्वी बेघरांच्या खोल्यांमध्ये पुढाऱ्यांचे भाचे-पुतणे सहकुटुंब राहताना सापडले. तेव्हापासून सरकारचा माणसाच्या सहीवरचा विश्वास उडाला आणि या डबीवर बसला. डबीला भाचे नसतात, एवढं मात्र खरं.

शेवंताबाईंच्या नावापुढे आपोआप 'आधार उपलब्ध' अशी नोंद झाली. त्यांचा हा आधार अकरा वर्षांपूर्वी समोरच्या बसस्थानकात "थांब आई, तिकीट काढून आणते" असं सांगून गेला होता. स्थानकाचं फाटक दिसावं म्हणून बाई पुलाच्या तिसऱ्या खांबाशी राहत. मागच्या मे महिन्यात तिथेच त्यांना उष्माघात झाला. असा आणखी एक उन्हाळा त्या काढणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

"सर, प्रश्नच चुकीचा आहे," तेजल गटप्रमुख बोरकुटे सरांना म्हणाली. "कुठली आई म्हणेल, माझं कोणी नाही म्हणून?"

"टिपणात लिही. समिती जुलैत बसते."

"आणि मावशी मे महिन्यात जातील."

"म्हणजे तुझं टिपण वरातीमागून घोडं." सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "फेरतपासणी एकदाच मिळते, तीस तारखेला. तेव्हा त्यांनी नाही म्हणायला हवं, आणि डबीला ते पटायला हवं."

मग तेजलने शिकवणी सुरू केली. शेवंताबाई शहाण्या विद्यार्थिनीसारख्या मांडी घालून बसत आणि म्हणत, "मले कोणी नाई." दिवा लाल. आवाज बारीक करून म्हणत. लाल. चौथ्या दिवशी त्या पदर तोंडाशी धरून हसत सुटल्या. "पाहा बाप्पा! डबीले बी ठाऊक हाय!"

तेजललाही हसू आलं, आणि मग स्वतःचाच राग आला. पाठांतर कितीही केलं तरी उपयोग नव्हता. बाईंना खरंच पटायला हवं होतं, की कोणी येणार नाही.

जुन्या शिधापत्रिकेवरून पत्ता काढत काढत तिने वनिताला चंद्रपुरात शोधलं. फोन स्पीकरवर लावला तेव्हा डबी कॉलरवर होती. फोनवर डबी वापरायला मनाई होती. तेजलने ती काढली नाही. वनिता आधी रडली, मग म्हणाली, "आईले सांगा, दिवाळीले येईन मी. घेऊनच जाईन तिले." तेजलने मान वाकवून कॉलरकडे पाहिलं. लाल.

दुसऱ्या दिवशी त्या फोनचं ध्वनिमुद्रण तिने बाईंना ऐकवलं. सत्य कळणं हा माणसाचा हक्क आहे, असं तिने स्वतःला बजावलं होतं. खरं सांगायचं तर तिला ती खोली हवी होती.

"वनीच हाय!" बाईंचा चेहरा उजळला. "आवाज जाडा झाला वं पोरीचा." मग दिवाळीचं वाक्य आलं. बाईंच्या मांडीवर ठेवलेल्या डबीतला दिवा लाल झाला.

"पुन्हा लाव."

तेजलने पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा बाई ऐकत नव्हत्या, नुसत्या डबीकडे बघत होत्या. शिकवणीच्या चार दिवसांत लाल दिव्याचा अर्थ त्यांना तेजलनेच पक्का करून दिला होता.

तीस तारखेला अधिकाऱ्याने विचारलं, "घ्यायला येणारं कोणी आहे का?"

"कोणी नाई."

दिवा इतक्या पटकन हिरवा झालेला तेजलने कधी पाहिला नव्हता.

खोली तिसऱ्या मजल्यावर होती. नळ होता, पंखा होता, खिडकीवर सावलीही होती. मे महिन्यात पुलाखालची दोन माणसं उन्हाने गेली, शेवंताबाई जगल्या. तेजल भेटायला गेली तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

"मावशी, काही हवं का?"

"नाई." तोंड न वळवताच त्या म्हणाल्या, "तुहं काई चुकलं नाई, पोरी. पण तिकडं मी वाट पाहत होती. इथं काय करू?"

तेजल जिन्यात बसून रडली. मग घरी जाऊन तिने टिपण पूर्ण केलं. हा प्रश्न किती क्रूर आहे हे समितीला कळावं म्हणून, आपण केलेली गोष्ट तिने काही न लपवता परिशिष्टात लिहिली. फोन, मनाई मोडून वापरलेली डबी, मांडीवरचा लाल दिवा, सगळं.

जुलैत समितीने टिपण वाचलं. प्रश्न होता तसाच राहिला. परिशिष्ट मात्र सगळ्यांना फार आवडलं. पात्र माणसं अपात्र ठरण्याची अडचण यातून सुटते, असं अध्यक्ष म्हणाले. मनाई उठवली गेली आणि त्या पद्धतीला 'वास्तवपरिचय सत्र' असं नाव मिळालं. मुलाखतीआधी नातेवाइकाला फोन लावायचा आणि त्याचं उत्तर, दिव्यासकट, बेघर माणसाला दाखवायचं. करायला गेलो काय आणि झालं काय! इंटर्नच्या पुढच्या तुकडीला ही पद्धत शिकवण्यासाठी समितीने तेजललाच बोलावलं. तिने नाही म्हणून पाहिलं. "मग पुढच्या मे महिन्यात पुलाखाली कोण जाणार, माणसं बाहेर काढायला?" असं बोरकुटे सरांनी विचारलं, आणि ती गेली.

बारा विद्यार्थी समोर वह्या उघडून बसले होते. तिने शेवंताबाईंचं नाव न घेता त्यांची गोष्ट सांगितली. मंजुरीचं प्रमाण सांगितलं. कोणाला काही विचारायचं आहे का, असं विचारलं.

मागच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला.

"ताई, फोनवर बोलताना माणूस खोटं बोललं आणि नंतर त्याला राहवलं नाही, दिवाळीला ते खरंच निघून आलं, तर? आपण तोवर त्याच्या आईला जे पटवून दिलेलं असेल, ते परत कसं काढायचं?"