अळणी ताट

भाद्रपदातली दुपार. शाहूपुरीतलं टीव्ही दुरुस्तीचं दुकान लवकर बंद करून शांतिनाथ घरी आला, तो नवे कपॅसिटर घेऊनच. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून त्यानं धाकट्या भावाचा, वृषभचा, जुना व्हिडिओ गेम उघडला.

त्याच्या बायकोनं, आदितीनं, या दिराला फक्त फोटोत पाहिलेलं. ती सून होऊन येण्याच्या कितीतरी आधी वृषभ गेम चालू ठेवूनच पंचगंगेत पोहायला गेला, आणि वर आलाच नाही. गेम रात्रभर चालला आणि बंद पडला. तेव्हापासून सासूबाईंनी, अक्काताईंनी, मीठ सोडलं. लेकाचा गेम पुन्हा वाजेल त्याच दिवशी मीठ खायचं, असा नेम. त्यांच्यासाठी घरात स्वयंपाकच अळणी व्हायचा. ज्यानं त्यानं वरून मीठ घ्यायचं. पण आता त्या उभ्या उभ्या कोसळत होत्या. मीठ पोटात गेलं नाही तर काही खरं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. नेम मोडायला त्या तयार नव्हत्या. मग गेमच दुरुस्त करायचा ठरला.

तापलेलं सोल्डरिंग आयर्न टेकताच मासळीचा वास सुटला.

"अरं, आपल्या जैनाच्या घरात ह्यो कसला वास?" अक्काताईंनी नाकाला पदर लावला.

"जुने कपॅसिटर गळलेत आई. तापलं की असंच घाण मारतंय."

"नदीचा वास हाय त्यो," त्या हळूच म्हणाल्या.

दिवस कलला तेव्हा बाहेरच्या खोलीत गेम टीव्हीला जोडला. कंट्रोलर जोडायचा राहिलाच होता. शांतिनाथनं बटण दाबलं. गेमचा सूर आधी खरखरला, मग खणखणीत वाजू लागला. आदितीनं मनोमन णमोकार म्हटला.

"आई, आज मीठ घ्यायचं हं!" ती म्हणाली.

"घेते की. पर त्याचं बी ताट वाढ."

अणथमीचं जेवण सूर्य मावळायच्या आत उरकायचं. वृषभचं ताट टीव्हीपुढं मांडलं, कडेला चिमूटभर मीठ. अक्काताईंनी जुन्या सवयीनं हाक दिली, "वृषभ, दिवस बुडाय लागलाय रं... जेवाय चल."

सूर थांबला. पडद्यावरचं चित्र जागच्या जागी थिजलं.

"अहो... तुम्ही काही केलंत?"

शांतिनाथचे दोन्ही हात मांडीवर होते. "तो असाच थांबवून उठायचा..."

तिघं स्वयंपाकघरात जाऊन बसली. अक्काताईंनी चिमटीत मीठ उचललं, ते ओठांशी नेलं, तेवढ्यात बाहेर सूर पुन्हा सुरू झाला.

आदिती उठून पाहायला गेली. वृषभच्या ताटातला भात, आमटी संपलेली. जेवल्यावर ताट धुऊन ते पाणीही पिऊन टाकायची या घरची रीत. तसं ते धुतलेलं, ओलंचिंब. कडेचं मीठ तेवढं जागेवर. कोरडं.

अक्काताई तिच्या मागं येऊन उभ्या होत्या. ताटाकडं बघता बघता त्यांची चिमटी सुटली.

"त्यानं बी सोडलंय गं... माझ्यापायी."

"आई, तुम्ही तरी खा..."

"लेकाच्या आधी? न्हाई. त्यो खाईल, मग मी."

अक्काताई आता अंथरुणालाच आहेत. आदिती रोज दिवस मावळायच्या आत टीव्हीपुढं ताट मांडते, मीठ वाढते आणि हात जोडून म्हणते, "भाऊजी, आज घ्या." रोज ताट धुतलेलं असतं, मीठ उरलेलं.

काल त्या मिठात बोट टेकल्याची खूण होती. ओली.