दुसऱ्या गिअरचा आवाज

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या पाया पडणार नाही. पण हे आमच्या घरात घडलंय, आणि मी स्वतः ऐकलंय.

साल १९५९. डिसेंबर महिना. बंगळूरच्या गवीपुरममध्ये, चढाच्या टोकाला आमचं घर.

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, नजर जवळजवळ गेली होती. त्यामुळे चिकपेटेतलं कापडाचं दुकान आई सांभाळायची. पुष्पावती तिचं नाव. युद्धाआधीची एक जुनी इंग्लिश गाडी होती, तीही तीच चालवायची. बाई गाडी हाकते म्हणून लोक माना वळवून बघायचे. ती खुशाल हॉर्न द्यायची.

लहानपणी विहिरीच्या रहाटावरून पडून तिचं मनगट मोडलं होतं. ते नीट बसलंच नाही. गिअरचा दांडा तिला जड जायचा. म्हणून ती गिअरबॉक्समध्ये मुद्दाम पातळ ऑइल घालायला लावायची, तीस नंबरचं. दांडा हलका चालायचा, पण चढावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रडायची.

घूंऽऽऽ...

चढाच्या पायथ्यापासून तो आवाज घरात यायचा. आला की मी शेगडीवर दूध ठेवायची. होंगेच्या, म्हणजे करंजाच्या, झाडापाशी चढ संपतो. तिथं ती तिसरा गिअर टाकायची, रडणं थांबायचं, आणि ती दारात येईपर्यंत कॉफी तयार. रोजचा नेम.

अण्णा म्हणायचे, "मला डोळे नसले म्हणून काय झालं, तुझी आई मला पायथ्यापासून दिसते."

मग गाडी दुरुस्त करणाऱ्या उमाजी मिस्त्रीनं मोडता घातला. त्यानं जुनं ऑइल बोटांत चोळून बघितलं.

"राव, ह्यात लोखंडाचा चुरा लागतोय. दात झिजायलेत. नव्वद नंबरचं जाड घाला. आवाज पण जातो बघा."

"अक्कांचा हात दुखंल," आईबद्दल एवढंही तो म्हणाला.

अण्णा विचारात पडले. त्यांना वेगळीच भीती. गाडी अंधाराची रस्त्यात मोडली तर ही एकटी काय करणार?

"सरी, बरं. नव्वदच घाल," ते म्हणाले.

गाडी गप्प झाली.

त्या संध्याकाळी आई दारात उभी राहिली तेव्हा दूध अजून थंडच होतं. "आज चोरावाणी आले बघ," असं म्हणून ती हसली. पण मनगट दाबत होती.

त्याच आठवड्यात ती घरी आलीच नाही.

गाडी होंगेच्या झाडाखाली उभी सापडली. आई स्टिअरिंगवर वाकलेली. हात गिअरच्या दांड्यावर. दांडा दुसऱ्यातच.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. अण्णांनी फक्त एकच विचारलं, "तिसरा पडला नव्हता का?"



दिवसकार्य झालं. पाहुणे गेले. गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली होती.

एका संध्याकाळी मी दिवा लावत होते.

आणि...

घूंऽऽऽ...

माझा हात सवयीनं दुधाच्या भांड्याकडे गेला.

मी शेडकडे धावले. ताडपत्री जशीच्या तशी. इंजिन गार.

आवाज चढ चढत होता. हळूहळू. जवळ... अजून जवळ...

झाडापाशी तो थांबला.

तिसरा गिअर नाही. फाटकाचा आवाज नाही. काहीच नाही.

वळून बघितलं तर अण्णा फाटकाला धरून उभे होते. त्यांचे गाल ओले होते.

मग हे रोजचंच झालं. दिवेलागणीला आवाज यायचा आणि झाडापाशी विरायचा. अण्णा जेवेनात. "ती अडकलीय गं, वसू," एवढंच म्हणायचे. "हात चालत नाही तिचा."

शेवटी त्यांनी ऑइल बदलायला उमाजीला बोलावलं. त्यानं शेडमध्ये गाडीखाली शिरून गिअरबॉक्सचं बूच काढलं. ऑइल जाड, काळं, संथ उतरत होतं.

तेवढ्यात चढावरून आवाज आला.

उमाजी तसाच पडून ऐकत राहिला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"नव्वदावर हा आवाज यायलाच नको, राव."

"तिचं ऑइल घाल," अण्णा म्हणाले. "तीस नंबर."

"दात जातील."

"जाऊ देत."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं पातळ ऑइल भरलं. दांडा सगळ्या गिअरमधून फिरवून बघितला, न्यूट्रलला ठेवला, आणि पैसे न घेताच गेला.

संध्याकाळी अण्णांनी फाटक सताड उघडलं. मी त्यांच्या शेजारी उभी होते.

घूंऽऽऽ... पायथा. रस्त्यातला मधला दिवा. होंगेचं झाड...

तिथं आवाज क्षणभर तुटला.

आणि बदलला. खाली आला, मऊ झाला.

"टाकला," अण्णा कुजबुजले. "तिसरा टाकला तिनं."

रस्ता रिकामा होता. पण आवाज आमच्यासमोर आला, फाटकातून आत गेला आणि शेडपाशी थांबला. माझ्या गालाला वारा लागला. त्याला नव्या कापडाच्या खळीचा वास होता, दुकानातून आल्यावर तिच्या पदराला असायचा तसा.

अण्णांनी फाटक लावून घेतलं. मग म्हणाले, "दूध ठेव."

मी ठेवलं. दोन पेले भरले. एक तसाच गार झाला.

सकाळी ताडपत्री उचलून बघितलं. दांडा तिसऱ्यात होता.

मला वाटलं, सुटली बिचारी. अण्णाही आता जेवतील.

त्या संध्याकाळी आम्ही फाटकात थांबलो. अंधार पडला. चढावरून एक सायकल गेली, बाकी काही नाही. त्यानंतर कधीच नाही.

बऱ्याच दिवसांनी अण्णा एकदा अंथरुणातून म्हणाले, "ऑइल जाडच राहू द्यायला हवं होतं, वसू. झाडापर्यंत तरी येत होती."

आता अण्णाही नाहीत. गाडी तशीच शेडमध्ये आहे, दांड्याला मी कुणाला हात लावू देत नाही. संध्याकाळी दूध तापवायच्या आधी मी अजून चढाकडे कान लावून थोडी थांबते.