कोबी घेणारा चष्मेवाला

"तो कोबी ठेवा खाली."

आमच्या धाकटीने एका अनोळखी पुरुषाशी बोललेलं हे पहिलं वाक्य. आता मला सांगा, कुठली शहाणी मुलगी असं बोलते? पण ती पडली दवाखान्यातली आहारतज्ज्ञ. दुसऱ्याच्या पिशवीत डोकावल्याशिवाय तिला चैन पडत नाही. हे सगळं तिनेच मला सांगितलं, थोडं हसून आणि बरंचसं रडून.

दुकानदाराने नुकतंच भाज्यांवर पाणी शिंपडलं होतं. तो माणूस ओला गड्डा हातात तोलत उभा होता... उंच, बाह्या दुमडलेल्या, कपाळावर केस.

"का? या बिचाऱ्याने काय केलंय?"

"काहीच करत नाही, हीच तर तक्रार आहे. तेवढ्याच पालकात लोह बघा, कितीतरी पट जास्त. अ जीवनसत्त्वाचं तर विचारूच नका. क कोबीत बरं असतं, नाही म्हणत नाही... पण तुम्ही ते शिजवून शिजवून घालवत असाल."

"हे कशावरून?"

"तोंडावरून."

तो हसला. मुकाट्याने गड्डा ठेवला आणि पालकाची जुडी उचलली. मग म्हणाला, "तुमच्या चष्म्याची डावी काडी वाकलीय. मघापासून माझ्याकडे तिरपं बघताय."

"मी कुठे तुमच्याकडे बघतेय!"

"मग कोबीकडे बघत असाल. द्या इकडे. समोरचं चष्म्याचं दुकान माझंच आहे."

आणि धाकटीने... जी मला तिचा कंगवासुद्धा वापरू देत नाही, त्या बयेने चष्मा काढून त्याच्या हातात दिला! त्याने काडी बोटांत धरून ऊब दिली, हलकेच वाकवली आणि चष्मा तिच्या डोळ्यांवर चढवला. बोटं कानाला जराशी लागली. एवढंच. घरी आली ती आरशासमोरून हलेना. "ताई, चष्मा काय छान बसलाय गं!" मी म्हटलं, झालं. गेली ही.

त्या दिवसापासून आमच्या घरात रोज भाजी यायला लागली. स्वयंपाक माझ्याकडे. फ्रिज उघडला की पालक अंगावर यायचा. संध्याकाळी तो बरोबर तिच्याच वेळेला भाजीच्या दुकानात हजर.

"आज काय घेऊ, डॉक्टरीणबाई?"

"मी डॉक्टर नाही."

"बरं. आज काय घेऊ, नुसत्या बाई?"

"पालकच. कालचा खाल्ला ना?"

"संपवला."

"बघा, चेहऱ्यावर कसं तेज आलंय."

"ते पालकामुळे नाही..." एवढं बोलून तो थांबायचा. आणि ही लगेच टोमॅटो निवडायला लागायची, टोमॅटो घरात भरपूर असताना.

असं मजेत चाललं होतं. मग एका सकाळी वॉर्डात तिच्या मोठ्या मॅडमनी तिला हाक मारली. हृदयाची झडप बदललेले एक म्हातारे गृहस्थ दाखल झाले होते. रक्त पातळ ठेवायची गोळी त्यांना आयुष्यभर घ्यायची होती. इतके दिवस सगळं सुरळीत, आणि आता तपासणीत रक्त एकदम घट्ट. झडपेवर गुठळी धरली असती तर जिवावरच बेतलं असतं. अशा माणसाने खाण्यात अचानक बदल करायचा नसतो. पालकात के जीवनसत्त्व भरपूर, कोबीत त्या मानाने बरंच कमी. ते एकदम वाढलं की गोळीचं काही चालत नाही. हे धाकटीला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं.

मॅडमनी पडदा सरकवला. पलंगाशी चष्मेवाला उभा होता.

"जेवणात काही बदल केलात का?" मॅडमनी विचारलं.

"बदल?" म्हातारबाबा उसळले. "अहो, या पोराने माझी शेळी केलीय! सकाळी पालक, रात्री पालक. आधी मी बापडा सुखाने कोबी खात होतो."

"पालक खायला कुणी सांगितलं?"

चष्मेवाल्याने धाकटीकडे पाहिलं. क्षणभरच. मग मान खाली घातली. "असंच... कुठेतरी वाचलं होतं."

"त्याने मला वाचवलं ना ताई," ती मला सांगत होती, "तेव्हा वाटलं, धरणीने पोटात घेतलं तर बरं." तिच्या कामातला पहिला प्रश्न असतो, खाणार कोण आणि औषधं काय चालू आहेत. कारकुनाला, आजीबाईला, कुणालाही ती हे विचारते. इथेच तेवढं विचारायचं राहिलं, कारण समोरचा बघत होता आणि हिला मिरवायचं होतं. लाजेने तिचे कान पेटले होते.

"मी सांगितलं," ती म्हणाली. "भाजीच्या दुकानात. कोणासाठी, काय... काहीही न विचारता."

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "काम संपलं की माझ्या खोलीत ये."

तो तिच्यामागून बाहेर आला. "तुम्ही कशाला बोललात?"

"आणि तुम्ही कशाला खोटं बोललात?"

"कारण चूक माझी आहे. पालेभाजी अचानक वाढवू नका असं आम्हाला बजावलं होतं. मला माहीत होतं... सगळं माहीत होतं."

"अहो, मग पालक घ्यायचा आणि टाकून द्यायचा!"

"रोज विचारायचात ना, कालचा खाल्ला का म्हणून. तुमच्याशी खोटं बोलवेना. आणि पुन्हा कोबी घेतला तर... तर तुम्ही बोलणारच नाही असं वाटलं. एका जुडीने काय होतंय, असं रोज मनाला सांगत गेलो."

"त्यांना काही झालं असतं म्हणजे?"

वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे दोघं खाली मान घालून उभे राहिले. मग ही म्हणाली, "यापुढे आपण भेटायला नको. मला तुमच्याकडे बघवणार नाही." आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसून पडली.

पुढे कित्येक दिवस लांबच्या रस्त्याने ये-जा. तो समोरून दिसला की ही भलत्याच गल्लीत शिरायची. मॅडमनी हिचं रुग्णांशी बोलणं बंद करून हिला दवाखान्याच्या स्वयंपाकघरात देखरेखीला बसवलं होतं. जेवायची नाही, बोलायची नाही. शेवटी मी चिडले. "मुलाला तोंड दाखवू नकोस हवं तर. पण त्या म्हाताऱ्या जिवाची माफी मागितलीस का?" मागितली नव्हती. त्यांना घरी सोडणार होते त्या दिवशी मीच तिला दंडाला धरून वॉर्डात नेलं.

म्हातारबाबा बूट घालून तयार बसले होते. रक्त ताळ्यावर आलं होतं. मुलगा पाठमोरा कपडे पिशवीत भरत होता. आमची चाहूल लागताच त्याचा हात थांबला.

"काका," धाकटी जमिनीकडे बघत म्हणाली, "माझं फार चुकलं. तुमच्या जिवाशी..."

"मला ठाऊक होतं, पोरी."

"काय ठाऊक होतं?"

"पालक चालत नाही ते. गोळी मी घेतो, मला नाही का सांगितलं डॉक्टरांनी?"

"बाबा!" मुलगा गर्रकन वळला. "मग मला थांबवलं का नाहीत?"

म्हातारबाबा जरा ओशाळले. पांघरुणाची घडी पुन्हा पुन्हा नीट करत बसले. "याची आई गेली आणि घरातलं बोलणंच गेलं बघ. हा यायचा, जेवायचा, ताट धुवायचा, झोपायचा. मीही तसाच. मग एक दिवस पालक घेऊन आला आणि जेवताना एकदम बोलायलाच लागला. ती असं म्हणाली, ती अशी रागावली... रोज नवं काहीतरी. आता पालक नको म्हटलं असतं तर हा पुन्हा गप्प झाला असता. म्हणून गिळला. खरं सांगायचं तर मला तो पानात बघवतही नाही."

मुलगा मटकन पलंगावर बसला आणि त्याने बापाचा हात धरला. मी आपली खिडकीबाहेर बघत होते, डोळे भरून आले होते म्हणून.

"मलाही," धाकटी हळूच म्हणाली.

"काय मलाही?"

"मलाही पालक आवडत नाही, काका. लहानपणापासून तोंडात घातलेला नाही. हिला विचारा हवं तर."

चष्मेवाल्याने मान वर केली. "मग रोज जुड्या घेऊन जायचात त्या?"

"त्या..." तिचा चेहरा लालबुंद झाला. पण इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं. "त्या तुमच्यासाठी घ्यायचे."

तो उठून तिच्यासमोर येऊन उभा राहिला. म्हातारबाबांनी एकदा त्या दोघांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे वळून, अगदी आपलेपणाने विचारलं, "म्हणजे तुम्हीही गिळलात?"

मी मान डोलावली. "रोज, काका."