न विचारता घेतलेलं

खोलीभर कापूस तरंगत होता... खिडकीतून येणाऱ्या कोवळ्या उन्हात त्याचे तंतू इतके संथ फिरत होते की घरातच धुकं उतरल्यासारखं वाटावं, आणि त्या धुक्याच्या मधोमध, शिवणयंत्रापाशी, आई कापडी सशाचं उसवलेलं पोट शिवत बसली होती.

"दोरा ओवून दे गं, बबडे. माझे डोळे संपावर गेलेत."

लेकीनं सुई घेतली. चाळिशी उलटलेल्या बाईला बबडे म्हणणारं जगात आता हे एकच माणूस उरलं होतं!

नाताळ जवळ आला की आईची मोहीम सुरू व्हायची. शाळांमधली मुलं आपली खेळणी आणून द्यायची, आई ती डागडुजी करून नवी करायची, आणि नाताळच्या दिवशी इस्पितळातल्या मुलांना वाटायला उजाडताच निघायची ती दिवेलागणीलाच परतायची. वडील नसलेल्या त्या घरात एक लहानगी दिवसभर खिडकीशी बसून असायची... तिनं कधी हट्ट केला नाही, कधी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. 'किती समंजस पोर!' शेजारणी म्हणायच्या, आणि त्या कौतुकानंच तिच्या ओठांना कुलूप घातलं.

"आई, यंदा वाटायला दुसऱ्या कुणाला पाठव ना. घरी थांब. नुसत्या गप्पा मारू."

"आणि या सशाला काय सांगू? पुढच्या वर्षी नक्की!"

"दर वर्षी हेच म्हणतेस."

"मग दर वर्षी विश्वास कशाला ठेवतेस?" आई खळखळून हसली आणि तिनं दातांनी दोरा तोडला. लेकही हसली. मनातलं मनातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठलीच नाही.

खेळणी गोळा करायचा दिवस मात्र ठरलेला होता. आलेल्या मुलांना माघारी कोण पाठवणार? म्हणून आईच्या जागी लेकच शाळेच्या सभागृहात गेली. पांढऱ्या प्रकाशात मुलांची रांग स्वप्नातल्यासारखी हळूहळू पुढे सरकत होती, आणि ती खेळणी घेऊन खोक्यात ठेवत होती... मुकाट्यानं, यंत्रासारखी.

दोन वेण्या घातलेल्या एका मुलीनं आपलं अस्वल सोडलंच नाही.

"मावशी, तुम्ही विचारलंच नाहीत!"

"काय विचारायचं?"

"द्यायचंय ना नक्की? नसेल तर खुशाल घरी ने... असं. आजी सगळ्यांना विचारायच्या."

तिनं विचारलं. मुलीनं अस्वलाला गच्च कवटाळलं, खूप वेळ विचार केला, आणि मग स्वतःच्या हातांनी त्याला खोक्यात निजवलं.

"आजी म्हणायच्या, सगळ्यांत मोठी वस्तू त्यांच्या लेकीनं दिली. पण तिला विचारायचंच राहून गेलं, म्हणून त्या आम्हाला विचारायच्या." मुलीनं मान वर केली. "ती लेक तुम्हीच ना? काय दिलंत हो?"

म्हणजे आईला ठाऊक होतं! इतकी वर्षं, खिडकीतली ती पोर आईला दिसत होती...

"आई," ती म्हणाली. "मी माझी आई दिली."

रांग थबकली. पण तिला आता कुणीच दिसत नव्हतं. तिचा आवाज सगळ्यांच्या डोक्यावरून, कुठेतरी दूर चालला होता.

"पण मला द्यायची नव्हती गं, आई... मला तू घरी हवी होतीस!"