कॅमेऱ्यामागचा आवाज

“जरा सरकता का?… नको, राहू द्या. उभे राहू आपण दोघंही.”

एवढंच तो म्हणाला आणि तिच्या काळजाचा ठोका चुकला.

आता थिएटरच्या मागच्या भिंतीपाशी एखाद्या अनोळखी माणसाने जागा मागितली, तर काळजाने असं काही करायचं कारण नसतं. पण हा आवाज अनोळखी नव्हता. जवळजवळ वर्षभर तो रोज हेडफोनमधून तिच्या कानात बोलत होता. आवाजाला चेहरा मात्र नव्हता. तो आज, असा बेसावध गाठून, तिच्यापासून हातभर अंतरावर येऊन उभा राहिला होता.

ती डॉक्युमेंटरी फिल्मची एडिटर होती. आणि आज या महोत्सवात जी फिल्म पहिल्यांदा लोकांपुढे येणार होती, ती तिनेच एडिट केली होती. विषय साधाच. नदीवर पूल होतो आणि एका म्हाताऱ्या नावाड्याची नाव कायमची काठाला लागते. फिल्मच्या दिग्दर्शिकेला सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. बाईंनी कॅमेरामनला नदीकाठी पाठवलं, तो तिथे चार ऋतू राहिला आणि काम संपताच, फिल्म कोण एडिट करणार हेही न विचारता, दुसऱ्या शूटिंगसाठी दूर डोंगरात निघून गेला. त्याने टिपलेलं सगळं मात्र एका हार्ड डिस्कमध्ये भरून एडिटरच्या टेबलावर आलं.

आणि सगळं म्हणजे अगदी सगळं. आपण कॅमेऱ्याचं बटण बंद केलेलं नाही हे कॅमेरामन विसरतो. बिचाऱ्या एडिटरला ते पाहावंच लागतं. लेन्स पुसताना हा माणूस गुणगुणतो, आणि चांगलंच बेसूर गुणगुणतो, हे तिला माहीत होतं. शेळी फ्रेममध्ये घुसली की तो तिला “बाईसाहेब, जरा पलीकडून” म्हणतो, हेही. नावाड्याच्या बायकोने डोक्यावर ओझं घेतलं की तो चांगला चाललेला शॉट तसाच सोडून धावायचा. मग पडद्यावर नुसती वाळू दिसायची आणि मागून ऐकू यायचं, “द्या इकडे, आजी.” ती वाळू तिने किती वेळा पाहिली, याचा हिशोब न मागितलेलाच बरा.

अशा माणसाच्या प्रेमात पडायला वेळ लागत नाही. वेळ लागतो तो स्वतःशी कबूल करायला. तिने तर तो विषयच टाळला होता.

तिने चोरून त्याच्याकडे पाहिलं. मनात तिने चांगला उंचापुरा, दाढी राखलेला माणूस रंगवला होता. हा बेताच्या उंचीचा, कान जरा मोठे, आणि शर्टाची कॉलर एका बाजूने आत गेलेली. हात पुढे करून ती कॉलर नीट करावी असं तिला इतकं वाटलं, की तिने दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले.

“खुर्च्या आहेत की रिकाम्या,” ती म्हणाली.

“बसलं की उठायची पंचाईत,” तो कुजबुजला. “पडद्यावर माझं काम असलं की मी दारापाशीच उभा राहतो. पळायला सोपं.”

“तुमचं काम?”

“कॅमेरा. आणि तुम्ही का उभ्या?”

“माझी… पाठ दुखते.”

हे खोटं नव्हतं. इतके महिने खुर्चीत बसून दुसरं काय दुखणार?

दिवे मालवले. पडद्यावर नदी उजाडली. ती फिल्म पाहत नव्हती; तो फिल्म पाहतो आहे, हे पाहत होती. प्रत्येक शॉटला त्याचा श्वास किंचित थांबे, आणि नेमका तिथेच, जिथे हेडफोनमधून ऐकताना थांबलेला तिला ठाऊक होता. मग, फिल्म संपत आली तेव्हा, ती जागा आली…

पडद्यावर नावाड्याची बायको चुलीपाशी बसली आहे. ती एकदम थेट कॅमेऱ्याकडे बघते आणि विचारते, “तू एवढा आमच्या घरात राहतोस. तुझ्या घरी कोणी आहे का रे?” कॅमेऱ्यामागून आवाज येतो, “अजून तरी नाही, आजी.” म्हातारी तोंडाला पदर लावून हसते. “मग काय नुसती नदीच बघत बसणार?”

सगळं थिएटर हसलं, प्रेमाने हसलं. पण तिच्या शेजारचा माणूस ताठ झाला आणि दार ढकलून बाहेर निघून गेला.

तिला आत थांबता आलं असतं. शहाण्या माणसाने थांबायलाच हवं होतं.

बाहेर लांबलचक व्हरांडा होता आणि भिंतीवर इतर फिल्मची पोस्टरं ओळीने लावलेली: मधमाश्यांवरची, वितळणाऱ्या बर्फावरची, एका बंद पडलेल्या कारखान्यावरची. तो मधमाश्यांसमोर उभा होता, त्यांनीच काहीतरी केल्यासारखा.

“बरं वाटत नाही का?” तिने विचारलं.

“तो आवाज माझा होता.”

“हो का?” आपण इतकं वाईट खोटं बोलतो हे तिला आजच कळत होतं.

“आमच्या कामात एक रीत असते,” तो म्हणाला. “कॅमेऱ्यामागच्या माणसाने दिसायचं नाही, ऐकूही यायचं नाही. असलं काही आलंच तर एडिटर डोळे झाकून कापतो. या पठ्ठ्याने ठेवलं! माझ्यावर कसला राग काढला कोण जाणे.”

“राग नसेलही…”

“मग काय, लाड?”

ती लाल झाली. नशीब, तो मधमाश्यांकडे बघत होता.

“भेटला तर काय कराल त्याला?”

“चहा पाजेन. आणि विचारेन, की बाबा रे, ते मी एका म्हातारीला सांगितलं होतं. तिच्या चुलीपाशी बसून, तिने विचारलं म्हणून. एवढ्या लोकांना नव्हतं सांगितलं.” तो वळला. राग नव्हता चेहऱ्यावर. काहीतरी दुखलं होतं. “तुम्हाला हसू आलं का तिथे?”

“नाही,” ती म्हणाली. हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

तो पहिल्यांदा हसला. “तुमचा आवाज छान आहे. मी आवाज लक्षात ठेवणारा माणूस नाही, पण…”

पुढचं काय होतं ते तिला कळायचं राहूनच गेलं. आत टाळ्या झाल्या, दार उघडलं आणि माईकवरून बाईंचा खणखणीत आवाज बाहेर आला. “आणि आमची एडिटर! ही मुलगी नेहमी मागच्या भिंतीला चिकटून उभी असते. ये गं पुढे!” दारातून दोन-चार ओळखीचे चेहरे डोकावले आणि त्यांनी हसत तिच्याकडे बोटं दाखवली.

त्याने त्या बोटांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“तुम्ही,” तो म्हणाला.

“मी सांगणार होते—”

“पाठ दुखत होती ना?” तो शांतपणे म्हणाला आणि जिना उतरून गेला. स्टेजवर जाऊन ती काय बोलली, हे तिला आजही आठवत नाही.

त्यानंतरचे दिवस तिने स्वतःशी भांडण्यात घालवले. चोरून ऐकणं म्हणतात ते आणखी काय असतं? ती त्याला आतून-बाहेरून ओळखत होती आणि त्याला तिच्याबद्दल एकच गोष्ट माहीत होती, की ती खोटं बोलते. एका बाजूने एवढी ओळख आणि दुसऱ्या बाजूने काहीच नाही, याला प्रेम म्हणायचं तरी कसं? तिला स्वतःची लाज वाटली. आणि लाज वाटूनही त्याची आठवण काही कमी झाली नाही.

मग बाईंचा फोन आला. “चॅनेलने फिल्म घेतली! पण टीव्हीसाठी तासाभराच्या आत बसवायची आहे, म्हणजे तुझी कात्री काढ. आणि ऐक, तुझा तो कॅमेरावाला पिच्छा पुरवतोय. टीव्हीवर तरी माझा आवाज काढा म्हणतो. मला तर ती जागा फार आवडते. पण ती तुझी जागा आहे, तूच बघ काय ते.”

काढणं म्हणजे दोन बटणांचं काम. तिने बोट ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. ते वाक्य एकदा गेलं की त्याला तिच्याशी बोलायचं कारणच उरणार नव्हतं, आणि तिलाही. शेवटी तिने धीर करून त्याला निरोप पाठवला: ‘काढते. पण समोर बसून सांगा.’

तो आला. खोली छोटी, खिडकीवर जाड काळा पडदा, पंखा बंद, कारण पंख्याच्या आवाजात काही धड ऐकू येत नाही. तो दारातच उभा राहिला.

“बसा,” ती म्हणाली. “इथून पळायचं तर दार एकच आहे.”

तो बसला. तिने ती जागा लावली. म्हातारी, चूल, प्रश्न, उत्तर, हसू. छोट्याशा खोलीत ते फार मोठ्याने ऐकू आलं.

“आधी माझी चूक सांगते,” ती स्क्रीनकडे बघतच म्हणाली. “त्या दिवशी तुम्ही तोंड उघडताक्षणी मी तुम्हाला ओळखलं होतं. गप्प बसले, कारण तुम्ही माझ्याशी अनोळखी माणसासारखं बोलत होता आणि मला ते फार आवडत होतं. ते चुकलंच. आता एक विचारू? शेवटच्या फेरीनंतर नावाडी नावेत बसून रडला. तेव्हा तुम्ही कॅमेरा बंद केलात?”

त्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

“नाही,” तो म्हणाला. “हात थरथरत होता… पण नाही केला.”

“शॉटमध्ये दिसतं ते थरथरणं. तेही मी ठेवलंय.”

“म्हणजे मी त्याचं घेतलं, तसं तुम्ही माझं.”

“हो. आणि माझं कोणीच काही घेतलं नाही. मी आपली अंधारात बसून दोघांचं ऐकत होते. त्याचंच वाईट वाटतं.”

तो खुर्चीत पुढे झुकला. “ते वाक्य का ठेवलंत? खरं सांगा.”

“बाईंना सांगितलं, आजींचं हसू सुंदर आहे म्हणून.”

“आणि खरं?”

“खरं म्हणजे… आजींनी विचारलं ना, ते मलाच विचारायचं होतं. तुमचं उत्तर ऐकून मी इतकी खूश झाले, की मला ते कापवेना. एवढंच. फिल्मच्या भल्याचं त्यात काही नव्हतं. आता करा काय करायचं ते.”

खोलीत एवढी शांतता झाली, की पंखा बंद ठेवल्याचा तिला पहिल्यांदाच पश्चात्ताप झाला.

“तू त्या वाळूचं सगळं पाहिलंस?” त्याने एकदम विचारलं. अहो-जाहो कुठे गळून पडलं, ते दोघांनाही कळलं नाही. “मी ओझं घ्यायला धावायचो तेव्हाचं?”

“तेच जास्त पाहिलं.”

“अरे देवा. आणि माझं गाणं?”

“त्याबद्दल न बोललेलं बरं.”

तो हसला, मोकळा हसला, आणि कानांपर्यंत लाल झाला. त्या मोठ्या कानांना लाल होणं शोभतंय, असं तिला वाटून गेलं.

“कापून टाक ते वाक्य,” तो म्हणाला.

तिचा चेहरा उतरला. “अजून राग आहे?”

“राग नाही गं. आता ते… म्हणजे, आता ते खरं राहिलेलं नाही असं मला वाटायला लागलंय. डॉक्युमेंटरीत खोटं कशाला दाखवायचं?”

तिला कळायला क्षण लागला. कळलं तेव्हा तिने खुर्ची गर्रकन फिरवली आणि स्क्रीनकडे पाठ करून ती त्याच्यासमोर बसली.

“आजींनी विचारलं त्या दिवशी ते खरं होतं,” ती म्हणाली. हट्ट शाबूत होता. “मी नाही कापणार.”

“अगं, माझी आई टीव्ही बघते! हे ऐकलं की दुसऱ्या दिवसापासून फोटो दाखवायला लागेल मुलींचे.”

“मग तिला आधीच सांगून ठेव.”

“काय सांगू?”

“ते मी कसं सांगणार?”

त्याने तिच्याकडे पाहिलं, खिशातून फोन काढला आणि खरोखरच लावला.

“आई, टीव्हीवर माझं काम लागणार आहे… हो, नावेचंच. त्यात मी एक वाक्य बोललोय, ते मनावर घेऊ नकोस. जुनं आहे… नाही, आता तसं नाहीये… हो, तेच म्हणतोय… नाही गं, कॅमेरा नाही, एडिटिंग करते… हो, समोरच बसलीये… म्हणजे, तसं अजून मी तिला विचारलेलं नाही…”

तिकडून आई काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण बरंच काही म्हणाली असावी. तो फोन कानाला लावून गोंधळल्यासारखा बसून राहिला.

तिने हात पुढे केला आणि त्याची आत गेलेली कॉलर बाहेर काढून नीट केली.

“सांग त्यांना,” ती म्हणाली, “विचारलंस म्हणून. आणि ती हो म्हणाली म्हणून.”