डाव्या हाताची तार

आमच्या ह्यांना जाऊन सव्वा वर्ष झालं होतं आणि घरात मी आणि माझी सवत अशा दोघीच उरलो होतो. सवत म्हणजे बाल्कनीतलं फायकसचं बोन्साय. दीड वीत उंच, वय तीस, आमच्या लेकीहून चार वर्षांनी धाकटं. संध्याकाळी कामावरून आल्यावर हे बूट काढायच्या आधी तिला बघत आणि मग मला. त्यावरून मी आयुष्यभर तोंड वाजवलं. आता ऐकून घ्यायलाही कोणी नव्हतं.

बाकीची अकरा झाडं मी ह्यांच्या ओळखीच्या नर्सरीवाल्यांना देऊन टाकली. हे एकच का ठेवलं, ते मला धड सांगता येणार नाही. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत मी पस्तीस वर्षं काढली. नमुना, आकडा, सही. झाडांशी गप्पा मारणाऱ्या बायकांतली मी नव्हे. रोज सकाळी कुंडीतल्या मातीत लाकडी काडी खुपसायची आणि ती कोरडी निघाली तर पाणी घालायचं, एवढं मात्र नेमाने करत होते.

तारेचं मला ठाऊक नव्हतं. फांदीला वळण लावायला तिच्याभोवती ॲल्युमिनियमची तार गुंडाळतात आणि फांदी जाड व्हायच्या आत ती काढतात. मी ती तशीच राहू दिली. एकदा नर्सरीवाले सहज डोकावले आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

"वहिनी, तार सालीत रुतलीये! साहेबांनी पाहिलं असतं तर?"

"तर काही बोलले नसते. गुपचूप नीट करून ठेवली असती."

"उलगडायला जाऊ नका, साल सोलून निघेल. अशी तुकड्यातुकड्यांनी कापायची. आणि ही खालची फांदी अजून वर उठतेय बघा, तिला नवी तार घाला."

कापलेला एक तुकडा हातात धरून ते हसले. "साहेबांचं काम लगेच ओळखू येतं. डावखुरा माणूस. आपण सगळे इकडून गुंडाळतो, ते तिकडून."

नवी तार मी घातली. चाळीस मिनिटं लागली. तीन वेढे एकमेकांना चिकटलेले, मग मोठी फट, मग पुन्हा दोन वेढे. बालवाडीतल्या मुलानेही याहून बरी गुंडाळली असती.

चार दिवसांनी दूध घेऊन आले, काडी खुपसायला वाकले आणि तशीच थांबले. वेढे सारख्या अंतरावर होते. आणि तिकडून होते.

आधी नर्सरीवाल्यांना फोन केला. ते आलेच नव्हते. मग माझ्या आठवणीवर शंका घेतली. सहासष्टाव्या वर्षी तेवढी घ्यावीच. तार कापली, नवी घातली, माझ्या पद्धतीने, आणि फोटो काढला. दाराला आतून कडी लावून आंघोळीला गेले. वीस मिनिटांत बाहेर येऊन दुसरा फोटो काढला. दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहिले. मग वहीत लिहिलं: नऊ चाळीस, डावी.

आमच्या ह्यांची ही खोडच होती. माझा नळ ठिबकत राहिला की येऊन घट्ट करायचा, माझा वाकडा टॉवेल सरळ करायचा, पण तोंडातून शब्द नाही. "अहो, काय चुकलं ते सांगा तरी!" मी ओरडायची. हे नुसते हसायचे. अडतीस वर्षं त्या हसण्याने माझं डोकं फिरवलं. ते ऐकू येत नाही म्हणून गेलं सव्वा वर्ष मला झोप लागत नव्हती.

मी मुद्दाम चुका करायला लागले. तार सैल सोडली. कुंडीचं तोंड भिंतीकडे फिरवलं. तीन दिवस पाणी दिलं नाही. बाजारातून परत यावं, तर तार ताठ, कुंडी सरळ, काडी ओली. मला आनंद झाला, त्यात लाज कसली? मी पुन्हा केस नीट विंचरायला लागले. "आज काय चुकवू बरं?" असं मोठ्याने म्हणायला लागले. समोर ठाण मांडून बसलं तर मात्र पानही हलत नसे. पाठ वळवावी लागे.

ठमीचा, म्हणजे आमच्या लेकीचा, रविवारी फोन आला.

"आई, आवाज फार खुशीत आहे तुझा. कोणी आलंय का?"

"कोण येणार माझ्याकडे?"

"मग तू ये. खोली रिकामी ठेवलीये तुझ्यासाठी. शुक्रवारी गाडी घेऊन येते, बारापर्यंत. बाबा गेल्यापासून मलाही घरात कोणी हाक मारत नाही गं, ठमे म्हणून."

येते म्हटलं. झाड नर्सरीवाल्यांकडे द्यायचं ठरवलं. ठमीकडे बाल्कनी नाही.

बुधवारी बॅग भरली आणि औषधं आणायला खाली गेले. परत आले तर बॅग रिकामी. कपडे कपाटात होते, कॉलर आत दुमडून. अशी घडी मी घालत नाही.

मी पुन्हा भरली. गुरुवारी ती माळ्यावर सापडली, पुन्हा रिकामी.

तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. इतके दिवस चूक कुठली करायची ते मी ठरवत होते. चूक कशाला म्हणायचं, हे कोण ठरवतंय, याचा मी विचारच केला नव्हता.

बाल्कनीत जाऊन उभी राहिले. "अहो, लेकीकडे चाललेय. परक्या घरी नाही. तिलाही कोणी नाहीये." माझा आवाज चिरकला. "तुम्हीही चला ना."

काहीच नाही. रागावल्यावर हे गप्प असत, आणि खूश असले तरी गप्पच असत. त्यातला फरक मला कधी कळला नाही.

शुक्रवारी अकराला नर्सरीवाले झाड न्यायला आले. त्यांनी कुंडीला हात घातला आणि काढून घेतला.

"वहिनी, कुंडी बदललीत?"

कुंडी निळी होती. आमच्याकडे निळी कुंडी नव्हती.

"मुळं छाटून नव्याने लावलंय. खालच्या भोकांतून तार ओवून बांधलंयही." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "नव्या जागी मुळं धरेपर्यंत हलू नये म्हणून बांधतात. गाडीत हिंदकळलं तर कोवळी मुळं तुटतील, आता हे इथून हलवता येणार नाही."

"किती दिवस?"

"सहा महिने तरी." त्यांनी तारेची गाठ पाहिली, कुठल्या बाजूने आहे ते पाहिलं आणि चहा न घेताच गेले.

जिन्यावरून त्यांची पावलं भरभर उतरताना ऐकू आली.

मी बॅग तिसऱ्यांदा भरली. या वेळी ती हातातून सोडलीच नाही. बाल्कनीच्या दारात वेताच्या खुर्चीवर बसले, बॅग मांडीवर, चपला पायात. बारा वाजायला दहा मिनिटं होती. ऊन गुडघ्यापर्यंत आलं होतं.

डोळा लागला असेल तर दोन मिनिटं.

खाली हॉर्न वाजला. फोनही वाजला.

"आई, आलेय मी. उतरतेस ना?"

"हो, आलेच."

उठायला गेले. उठता आलं नाही.

डाव्या घोट्याभोवती तारेचे दोन वेढे होते आणि पुढची तार खुर्चीच्या पायाला नेऊन बांधली होती. चप्पल काढून बाजूला सरळ ठेवली होती. बॅग मांडीवर नव्हती. तार कापायची पक्कड हाताच्या अंतरावर, कठड्यावर होती.

"आई? काय झालं? मी वर येऊ का?"

मी पक्कड उचलली नाही. का, ते ठमीला कसं सांगू? पायाला कोणाचा तरी हात लागून गेला होता, तिथे अजून ऊब होती.

"नको. तू जा, बाळा," मी म्हटलं.

"आई!"

मी खाली वाकून तारेखाली बोट घालून पाहिलं. टोचू नये म्हणून आत मऊ फडक्याची घडी घातली होती. आणि पुढच्या वाढीसाठी थोडी जागा सोडली होती.